सात ग्रॅमचं पान

१

सोमवारी सकाळी साडेसातला प्रयोगशाळेतून जी किंकाळी ऐकू आली ती नवीची होती, आणि ती ऐकून भिंगला पहिल्यांदा जे वाटलं ते चारचौघांत सांगण्यासारखं नाही. तिला बरं वाटलं.

अर्धा क्षणच. मग ती दोन-दोन पायऱ्या ओलांडत जिना चढली.

‘नवी’ हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. सहा महिन्यांपूर्वी ती दहावीच्या वर्गात आली तेव्हा सगळे तिला ‘ती नवी’ म्हणायचे. पुढे ‘ती’ गळून पडलं आणि ‘नवी’ तेवढं उरलं. भिंगचंही तसंच. कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाच्या वहीत कुणाचं अक्षर आहे, हे सगळ्यांच्या आधी तिला दिसायचं, म्हणून पाचवीपासून ती भिंग. आणि मुंगी म्हणजे भिंगची जिवाभावाची मैत्रीण. चणीने एवढीशी, पण कामाला एकदा लागली की थांबायचं नाव नाही. बालवाडीपासून दोघी एकाच बाकावर.

म्हणजे, नवी येईपर्यंत. आता मुंगी नवीच्या बाकावर बसायची.

प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या टेबलावर मोरचुदाच्या निळ्याशार पाण्याने भरलेलं मोठं काचपात्र होतं. त्यात एका बाजूला तांब्याच्या भंगार तारांची जुडी लोंबत होती. दुसऱ्या बाजूला चिमट्याला टांगलेलं तांब्याचं पान असायला हवं होतं. चिमटा होता. चिमट्यात देठाचा नखाएवढा तुकडाही होता. पान तेवढं नव्हतं.

“गेलं,” नवी म्हणाली. तिचा चेहरा खडूसारखा झाला होता. “मी आले तेव्हा असंच होतं.”

रसायनच्या बाई धापा टाकत आल्या. “काका, आधी करंट बंद करा.”

प्रयोगशाळेच्या काकांनी पॉवर सप्लायचं बटण बंद केलं आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याच दमात दोन्ही वायरी उपटल्या, गुंडाळल्या आणि खणात टाकल्या. काकांच्या हाताला मोकळी वायर बघवत नसे.

बाईंनी देठाचा तुकडा तळहातावर घेतला. “ओरबाडून नेलंय कुणीतरी.”

“कुलूप शाबूत होतं, बाई. शनिवारी दुपारी मीच घातलं, आज मीच काढलं. किल्ली माझ्या कमरेला.”

“मग पानाला काय पाय फुटले?”

दाराशी जमलेल्या मुलींमधली एकेक मान हळूहळू वळली, आणि सगळ्या नजरा येऊन थांबल्या त्या भिंगवर.

२

त्याला कारणही तसंच होतं.

परवा, बुधवारी, गावातल्या सगळ्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन होतं आणि प्रत्येक शाळेतून एकच प्रकल्प जाणार होता. शाळेने निवडला होता नवी आणि मुंगीचा, ‘खाण न खणता तांबं’. नवीच्या वडिलांचं भंगाराचं दुकान. तिथून फाटक्या वायरी यायच्या, मुंगी त्यांचं प्लॅस्टिक सोलायची, आणि आतल्या मळक्या तांब्यापासून दोघी शुद्ध तांबं काढायच्या. दुसरा नंबर होता भिंगचा, ‘गंजातून लोखंड’. दोन गुणांनी हुकला होता. ते दोन गुण भिंगच्या घशात माशाच्या काट्यासारखे अडकले होते. पण खरं सांगायचं तर गुणांपेक्षा दुसरंच काहीतरी टोचत होतं. मुंगीने आयुष्यात पहिल्यांदा भिंगला सोडून दुसऱ्या कुणाबरोबर प्रकल्प केला होता.

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला बाजूला घेतलं.

“माझा तुझ्यावर संशय नाही. पण पान सापडलं नाही तर तुझाच प्रकल्प जाणार, आणि मग वर्ग काय म्हणेल ते तुला कळतंय ना?”

“कळतंय, बाई.”

“शेवटच्या घंटेला मला मोठ्या बाईंना सांगावं लागेल. नवीच्या वडिलांनाही बोलावतील. आताच कुजबुज सुरू झालीय की भंगारवाल्याची पोर आहे, विकलं असेल.”

भिंगने मान खाली घातली. ती कुजबुज तिनेही ऐकली होती, आणि थांबवली नव्हती.

“मी शोधते,” ती म्हणाली. “शेवटच्या घंटेच्या आत.”

३

काका नळाखाली परीक्षानळ्या धूत होते.

“काका, आज सकाळी आधी कोण आलं?”

“नवी. तिचे बाबा टेंपोने लवकर सोडतात ना. मी दार उघडलं आणि बाजूच्या वर्गाच्या खिडक्या उघडायला गेलो. पाच मिनिटं झाली असतील, तेवढ्यात ही ओरडली.”

“म्हणजे पाच मिनिटं ती एकटी होती.”

“होती,” काका म्हणाले. “पण तुझे डोळे का गं चमकले?”

“आणि शनिवारी?” भिंगने घाईने विचारलं.

“शनिवारचं मला विचारतेस? साडेबाराला करंट चालू करून नवी बाहेर आली, आणि तुम्ही दोघी व्हरांड्यात अशा भांडत होतात की मांजरी बऱ्या. मी किल्ल्या हलवून हलवून थकलो. मग मुंगी वही आवरून आली, मी आत न डोकावता कुलूप घातलं आणि तुम्हाला तिघींना खाली हाकललं.”

ते भांडण आठवून भिंगचे कान तापले. विषय होता मुंगी. “तू तिला गड्यासारखी राबवतेस,” असं भिंग म्हणाली होती. “तुला जळायला दुसरं काही मिळालं नाही का?” असं नवी म्हणाली होती. आणि त्यातलं दुसरं वाक्य खरं होतं, म्हणून ते अजून चरचरत होतं.

नवी ग्रंथालयात एकटी बसली होती. पुढ्यात पुस्तक उलटं.

“ये,” ती म्हणाली. “तू यायचीच बाकी होतीस.”

“पाच मिनिटं काय करत होतीस?”

“दप्तर ठेवलं, खिडकी उघडली, मग पाहिलं. बास.” तिने डोळे वर केले. “माझ्या बाबांकडे तांबं पोत्याने येतं. ते सोडून मी सात ग्रॅम चोरणार, तेही माझ्याच प्रकल्पातलं? एवढी बिनडोक दिसते का मी?”

हे अगदी बिनतोड होतं, आणि म्हणूनच भिंगला आवडलं नाही. माणसाने निदान चोर असताना तरी असं मुद्देसूद बोलू नये.

“प्रदर्शनात बोलणार कोण होतं?”

“मी. मंचावर एकीलाच जागा आहे. बाईंनी शुक्रवारी सांगितलं.” नवी थोडी घुटमळली. “मुंगी म्हणाली, तिला चालेल.”

भिंगने ते ऐकलं आणि सोडून दिलं. तिचं लक्ष नवीच्या दप्तराकडे होतं.

“उघडून दाखवू?” नवीने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता दप्तर टेबलावर उपडं केलं. वह्या, कंपासपेटी, डबा, एक मोजा. पान नाही.

४

मुंगी वर्गात एकटीच होती. तिच्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. तीन आठवडे वायरी सोलून सोलून तिची नखं पार फाटली होती.

“वही बघू तुमची,” भिंग म्हणाली.

मुंगीने वही पुढे सरकवली. मुंगीच्या रांगेसारखंच बारीक, सरळ अक्षर. आठ दिवस, रोज पाच तास, रोजची वजनं. प्रयोग साधाच होता. वीज सुरू केली की लाल वायरीच्या बाजूचं भंगार झिजतं, त्यातलं तांबं पाण्यात उतरतं आणि काळ्या वायरीच्या बाजूच्या पानावर शुद्ध होऊन बसतं. भंगारातली घाण काळा गाळ होऊन तळाशी पडते. एकाचं वजन जेवढं घटतं तेवढं दुसऱ्याचं वाढतं. एक ग्रॅमच्या पातळ पानापासून सुरुवात केली होती, चाळीस तासांत ते सात ग्रॅमचं झालं. शनिवारी पात्र घासून, नवं द्रावण भरून, चाळीस ग्रॅमची नवी जुडी लावून करंट सोमवारपर्यंत चालू ठेवला होता. पान दुप्पट जाड व्हावं म्हणून.

शेवटच्या ओळीत आजची तारीख होती. भंगार: ३३.५ ग्रॅम.

“हे कधी लिहिलंस?”

“सकाळीच. बाई म्हणाल्या, उरलेल्याचं वजन करून ठेव.”

भिंग ओळीकडे बघत राहिली. आणि मग तिच्या डोक्यात असा लख्ख उजेड पडला की ती बाकावरून उठलीच.

“मुंगे, सापडली. अगं, भंगार साडेसहा ग्रॅमने घटलंय. म्हणजे करंट दोन दिवस वाहत होता. पण पान शनिवारीच कुणी काढलं असतं तर? सर्किट तुटलं असतं. करंट बंद. भंगार चाळीसचं चाळीस राहिलं असतं. म्हणजे पान आज सकाळपर्यंत पात्रातच होतं. आणि आज सकाळी त्या खोलीत एकटी कोण होती?”

मुंगी बोटावरची चिकटपट्टी कुरतडू लागली.

“नवी,” भिंग म्हणाली. ते नाव उच्चारताना तिला खडीसाखर चघळल्यासारखं वाटलं. “तुझ्या वहीनेच पकडली तिला.”

“नको,” मुंगी म्हणाली. तिच्या ओठांचा रंग उडाला होता. “एवढं लांब नको नेऊस. एका पानासाठी.”

“तू अजून तिचीच बाजू घेतेस?”

“बाजू नाही गं.” मुंगीने वही ओढून घेतली. “तू बाईंना सांगू नकोस. माझ्यासाठी.”

सहा महिन्यांत मुंगीने तिच्याकडे पहिल्यांदा काही मागितलं होतं, आणि तेही नवीसाठी. ती तडक प्रयोगशाळेकडे निघाली. बाईंसमोर मांडायचं तर पुरावा हातात हवा. भंगाराची जुडी काट्यावर ठेवायची, आकडा दाखवायचा, आणि नवीचा निकाल लावायचा.

५

जुडी टिपकागदावर ठेवलेली होती. भिंगने ती उचलली, काट्यावर ठेवली आणि आकडा स्थिर व्हायची वाट बघितली.

४६.५.

काटा बिघडला असेल. तिने शून्य केलं, पितळी वजन ठेवून पाहिलं, ते बरोबर. पुन्हा जुडी ठेवली.

४६.५.

भंगार घटलं नव्हतं. भंगार वाढलं होतं. चाळीसवर साडेसहा.

तिने जुडी खिडकीच्या उजेडात धरली. शनिवारी त्या तारा कशा होत्या, जुन्या नाण्यासारख्या काळपट. आता त्या तान्ह्या बाळाच्या तळव्यासारख्या गुलाबी होत्या. सकाळीही गुलाबीच असणार. पण सकाळी तिला नवीचा चेहरा सोडून काही बघायचंच नव्हतं. ती पात्रावर वाकली. तारा जिथे लोंबत होत्या, तिथे तळाशी काळा गाळ साचायला हवा होता. काच लख्ख होती.

मग तिने बाईंच्या टेबलावरून देठाचा तुकडा उचलला. ओरबाडलेल्या पत्र्याची कड कशी असते? दुमडलेली, ओढलेली. ही कड कागदाहून पातळ होती, भोकाभोकांची, कसरीने खाल्लेल्या जुन्या पुस्तकाच्या पानासारखी.

कुणी ओरबाडलं नव्हतं. पान विरघळलं होतं.

कुणीतरी पॉवर सप्लायमागे लाल वायर काळ्याच्या जागी आणि काळी लालच्या जागी खोचली होती, एवढंच. पात्राच्या बाजूने बघणाऱ्याला सगळं जागच्या जागी दिसलं असतं. पण करंट उलटा वाहिला, आणि पान झिजून झिजून भंगारावर जाऊन बसलं. आणि तो उलटा जोड कुणी बघायच्या आत काकांच्या सवयीच्या हातांनी वायरी गुंडाळूनही टाकल्या.

भिंग स्टुलावर बसली. तिला एकेक गोष्ट नको असताना सुचत गेली.

सहा ग्रॅम चढायला चाळीस तास लागले, तर साडेसहा उतरायला तेवढेच, थोडे जास्तच लागणार. शनिवारी साडेबारा ते सोमवारी साडेसात, त्रेचाळीस तास. म्हणजे वायरी शनिवारी, करंट चालू झाल्या झाल्याच बदलल्या. आज सकाळच्या पाच मिनिटांचा काही संबंधच नाही. शनिवारी करंट सुरू करून नवी बाहेर आली ती थेट व्हरांड्यात, भिंगच्या समोर, नाकाला नाक लावून भांडायला. कुलूप लागेपर्यंत ती भिंगच्या नजरेसमोरून हलली नव्हती. नवी निर्दोष असल्याची साक्षीदार अख्ख्या शाळेत एकच होती, आणि ती म्हणजे स्वतः भिंग.

त्या वेळी आत कोण होतं?

वही आवरणारी.

आणि जी मुलगी काट्यावर ठेवल्याशिवाय चिमूटभर मीठही वहीत लिहीत नाही, तिने आज एक वजन न करता लिहिलं होतं. नाही, वजन केलं असणारच. ४६.५ दिसलं असणार. आणि मग तिने सगळं सुरळीत झालं असतं तर जो आकडा आला असता, तो बसून हिशेबाने काढला होता. चाळीस वजा साडेसहा.

खालच्या मजल्यावर सातव्या तासाची घंटा झाली. अजून एक तास.

भिंगने जुडी टिपकागदावर परत ठेवली. तिला फक्त गप्प बसायचं होतं. वहीत ३३.५ होतंच. नवी जाईल, मुंगी परत तिच्या बाकावर येईल, बुधवारी ‘गंजातून लोखंड’ मंचावर असेल. बोट उचलायचीही गरज नव्हती. ती तिथे किती वेळ बसली कुणास ठाऊक, पण काकांच्या साऱ्या परीक्षानळ्या तोवर धुऊन झाल्या.

६

मुंगी शेवटच्या बाकावर होती. खेळाचा तास, वर्ग रिकामा.

“सेहेचाळीस पूर्णांक पाच,” भिंग म्हणाली.

मुंगीने डोळे मिटले.

“दुसरं कुणी असतं तर मला कळलंही नसतं. खोटा आकडा कसाही असतो. तुझा खोटा आकडासुद्धा दशांशापर्यंत बरोबर.”

“मी फक्त थोडं खराब करणार होते,” मुंगी हळूच म्हणाली. “कड खरखरीत होईल, एवढंच. दोन दिवसांत अख्खं जाईल असं डोक्यातच आलं नाही. घरी गेल्यावर गणित केलं, आणि मग झोपच नाही. रविवारी येऊन गेट हलवलं, बंद.”

“पण का?”

मुंगीने चिकटपट्ट्यांची बोटं पुढे केली. “तीन आठवडे. तिने एक वायर सोलली नाही. शुक्रवारी बाई म्हणाल्या, बोलायला नवी. छान बोलते ना ती. मी म्हटलं, चालेल. मी नेहमीच म्हणते चालेल. तुझ्याबरोबरही तेच व्हायचं, तू बोलायचीस, मी लिहायचे. म्हणून तर तिच्याबरोबर गेले. वाटलं, इथे तरी...” ती थांबली. “सगळे तिच्याकडे बघतात. तूसुद्धा. सहा महिने तू तिच्यावरच जळतेस. माझ्यावर कोणी जळलंय का कधी?”

भिंगने ती बोटं एकेक करून बघितली.

“तू ३३.५ लिहिलंस, त्याने ती अडकत होती,” ती म्हणाली.

“मला काय माहीत तू त्यातून एवढं काढशील? मला ते सेहेचाळीस लपवायचं होतं. मग तू येऊन तिचं नाव घेतलंस, आणि माझी दातखीळ बसली.”

“तिच्या बाबांना बोलावतायत, मुंगे. सगळ्यांसमोर.”

बाहेर मैदानावर शिट्टी वाजली. मुंगीने वहीचा कोपरा दुमडला आणि पुन्हा सरळ केला.

“तू सांगणार?”

“शेवटच्या घंटेपर्यंत नाही,” भिंग म्हणाली. “घंटा झाल्यावर सांगणार.”

“मग आपली मैत्री संपली म्हणायची.”

“तुझ्या हातात अजून पंचवीस मिनिटं आहेत,” भिंग म्हणाली.

७

घंटेच्या अकरा मिनिटं आधी मुंगी प्रयोगशाळेत बाईंकडे गेली. वही घेऊन, एकटी. भिंग दाराबाहेर उभी होती, तिला आतलं सगळं ऐकू येत होतं. मुंगीने एक अक्षर वगळलं नाही. वजन, वेळ, वायरी. बाई ओरडल्या नाहीत, आणि ते जास्त वाईट होतं. “आजपासून तू या प्रकल्पात नाहीस,” एवढंच त्या म्हणाल्या. “आणि बोलणारी निवडताना मी तुझी बोटं बघायला हवी होती, ते माझं चुकलं.”

मग नवीला बोलावलं. नवीने सगळं ऐकलं. मुंगीने “सॉरी” म्हटल्यावर तिने तिच्याकडे पाहिलंही नाही.

“मला विचारायचं होतंस,” ती भिंतीकडे बघून म्हणाली. “मी दिलं असतं बोलायला. मला काय ठाऊक तुझं ‘चालेल’ म्हणजे ‘नाही’ असतं?”

काकांनी खणातून वायरी काढल्या. नवी बाहेर आली आणि भिंगसमोर थांबली.

“तांबं सगळं जुडीवर आहे,” ती म्हणाली. “नवं पातळ पान कापून आत्ता लावलं तर बुधवारी सकाळपर्यंत साडेसहा ग्रॅम चढेल. वजनं घ्यायला कोणीतरी हवंय. आणि आपल्या दोघींना मिळून बोलू देतात का, ते मी बाईंना विचारणार आहे. तू येतेस?”

“मी? तुझ्याबरोबर?”

“तू मला अडकवायला निघालीस आणि काटा बघून परत फिरलीस, असं ती आत सांगत होती. मला काट्याचं ऐकणारी हवी. तू मला आवडायलाच हवीस असं नाही.”

“तूही मला,” भिंग म्हणाली. “येते. दहा मिनिटांत.”

मुंगी व्हरांड्याच्या टोकाला बाकावर बसली होती, दप्तर शेजारी ठेवून. तिथून प्रयोगशाळेची खिडकी दिसत होती. नवी तांब्याच्या पत्र्यावर पेन्सिलीने पानाचा आकार काढत होती.

“जा की,” मुंगी म्हणाली. “ती बोलणार, तू लिहिणार. आणि मी इथून बघत बसणार.”

“हो,” भिंग म्हणाली. “मी सहा महिने बघितलं. पोटात दुखतं, जेवण जात नाही, रात्री उशीला बुक्क्या मारतं माणूस. पण मरत नाही कुणी.”

मुंगीच्या तोंडून हुंदका निघाला की हसू, ते तिचं तिलाही कळलं नसावं. तिने भिंगकडे पाहिलं नाही. पण शेजारचं दप्तर उचललं आणि मांडीवर घेतलं, आणि भिंग तिथे बसली, दहाची वीस मिनिटं होईपर्यंत.